वर शेपटी असलेले ठिपके

हातपंपाला पाणी आहे की नाही हे बघायला केरबा सोनकांबळे आधी दांडा मारत नसत. पंपाचं डोकं खोलून बाजूला ठेवत, उघड्या पाइपात एक खडा सोडत आणि पाइपाला कान लावून डोळे मिटून बसत. भोवती रिकाम्या घागरी घेऊन बाया उभ्या. एखादी बोलली तर ते नुसता हात वर करत. मग "हाय खाली. दोन पाइप वाढवावं लागतील," असं सांगत. पाणी नसलं तर काहीच न बोलता पाने-पकडी पिशवीत भरायला लागत. बायांना तेवढ्यानं कळायचं. त्या दुष्काळाच्या साली ते जास्त करून पाने भरूनच परत येत.

उस्मानाबादेतून तुटून लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या जिल्हा परिषदेला माणसं कमी पडत होती. हातपंपाचे मेकॅनिक म्हणून केरबाभाऊ नांदेडहून लातुरात आले ते त्या गडबडीत. आमचे हे, माधवराव, त्याच पाणीपुरवठा शाखेत कारकून. किरायाच्या घरात ऑफिस, दोन टेबलांत पाच माणसं. ह्यांनी एके दिवशी घरी येऊन सांगितलं, "मागची खोली एका माणसाला देतोय. एकटा आहे. बायको वारली, लेक नांदेडात दिली आहे."

वळकटी, स्टो, बाबासाहेबांची तसबीर आणि खाकी कापडाच्या खोळीत गुंडाळलेलं एक लांबट गाठोडं, एवढ्या सामानावर ते आले. शेजारच्या दोघीतिघींनी विचारलं, "खोली कुणाला दिली गं?" मी म्हटलं, "हातपंपवाल्यांना." त्यांचा पुढचा प्रश्न मला दिसत होता. मी मेथी निवडत राहिले, त्यांनीही तो विचारला नाही.

गाठोड्यात गिटार होती. संध्याकाळी खेड्यावरून आले की तांब्याभर पाण्यात हातपाय उरकायचे, काडेपेटीच्या खरखरीत कडेवर उजव्या हाताची नखं घासायची आणि खोलीच्या पायरीवर बसायचं. नखंही सगळी नाहीत. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, एवढ्यांचीच जरा वाढवलेली. करंगळीशेजारच्या बोटाचं मुळापासून कापलेलं. ते बोट तळहातात दुमडून घ्यायचे आणि बाकीच्यांनी वाजवायचे. रोज एकच चीज, दोन मिनिटांची, तीन वेळा. मग गिटार खोळीत.

"दुसरं काही येत नाही का हो तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"न्हाई ताई. पाचवा धडा हाय ह्यो. सहाव्याच्या आधीच साहेब गेला."

साहेब म्हणजे डिक्रूझ नावाचा रेल्वेगार्ड. केरबाभाऊंचे वडील पूर्णा जंक्शनला रुळांच्या गँगमध्ये होते, आणि विशीतले केरबाभाऊ इंजिनाच्या शेडात खलाशी, म्हणजे मदतनीस. गार्डाच्या बंगल्यात नळ दुरुस्त करायला गेले आणि व्हरांड्यातलं वाजवणं ऐकत तिथंच बसले. रोज बसायला लागले तेव्हा साहेबानं एक दिवस वाद्य केरबाभाऊंच्या मांडीवर दिलं. साहेबाला मराठी येईना, ह्यांना इंग्रजी. सगळं शिकणं बघून-बघून. दोन डबे जोडताना साहेबाच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट गेलेलं होतं. ह्यांचं बोट मधे मधे येतंय असं दिसलं, तसं त्यानं ते धरून हळूच तळहातात दुमडलं. केरबाभाऊंनी ते पस्तीस वर्षं दुमडून ठेवलं. साहेब बायकापोरं घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा गिटार आणि धड्यांचं पुस्तक ह्यांना देऊन गेला.

पाचवा धडा मला काही वाईट वाटायचा नाही. रहाटाची माळ फिरावी तसा तो फिरायचा. वर, खाली, वर, खाली, सारखा. ऐकता ऐकता माझ्या पोळ्या लाटून व्हायच्या.

शहाऐंशीच्या दिवाळीला माझे धाकटे दीर मस्कतहून आले. त्यांनी टू-इन-वन रेडिओ-टेप आणला आणि सोबत दहा-बारा कॅसेटी, कुणीतरी तिथं टाकून दिलेल्या. त्यातल्या एकीवर गिटारीचं चित्र होतं. मी मागच्या दारातून हाक मारली, "केरबाभाऊ, तुमचं वाद्य आहे ह्यात. या ऐकायला."

ते पायरीवर टेकले. पहिली बाजू सगळी पळापळीची. एकाच माणसाची बोटं इतकी कशी पळतात असं वाटावं. केरबाभाऊ मान हलवत होते, डोंबाऱ्याचा खेळ बघताना हलवावी तशी. "हुशार हाय मानूस," म्हणाले. दुसरी बाजू लावली. तिच्यातलं चौथं सुरू झालं आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"ताई, हे माझं हाय."

मलाही ओळखू आलं. तीच माळ, वर, खाली. मी म्हणणार होते, "अरे वा, तुम्ही अगदी असंच वाजवता." पण ते उठून उभे राहिले होते. एक हात दाराच्या चौकटीला. संपलं तसं म्हणाले, "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं.

"ताई, ते भांडं ठेवा जरा. दोन मिन्टं. ... पुन्हा."

लाईट जाईपर्यंत अकरा वेळा लावलं. मला पहिल्या पाच-सहा वेळा काही वेगळं ऐकू आलं नाही हे कबूल करते. मग त्यांनी पायरीवर बोटानं ठोकून दाखवलं. "हे खालचं सोडा. हे मी वाजिवतो ते. हे संपलं की वर एक सूर येतो बघा, एकच. आला. ... आता दुसरा. ... आला." आणि मग एकदम ते ऐकू आलं. खाली माळ फिरत होती आणि तिच्यावर, सावकाश, एकेक सूर ठेवत, कुणीतरी गात होतं. एकदा ऐकू आल्यावर ते ऐकू न येणं शक्य नव्हतं. इतके दिवस आपण नुसता रहाट ऐकला आणि पाणी वर येताना बघितलंच नाही असं झालं.

"गाणं होतं ह्यात," केरबाभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले ते थेट पुस्तक घेऊन. वाळवीनं कडा खाल्लेल्या. पाचव्या धड्याचं पान उघडून त्यांनी माझ्यापुढं धरलं. पाच रेघा आणि त्यांच्यावर ठिपके, आपल्याला काय कळणार! पण त्यांनी ठिपके दाखवले. "हे तीन, तीन, तीन. ह्यांच्या शेपट्या खाली. हे मी वाजिवतो. आन् हे बघा. दर तिनाच्या पुढं एक. ह्याची शेपटी वर." त्यांनी पानभर बोट फिरवलं. "मला वाटलं नक्षी हाय. छापणारानं शोभंला काढली. पस्तीस वर्सं मी नक्षी समजलो, ताई."

वर शेपटी असलेले ठिपके सगळ्यात बारीक तारेचे होते, आणि ते वाजवायचं काम दुमडलेल्या बोटाचं होतं. साहेबाला ते बोटच नव्हतं, म्हणून साहेब ते सूर सोडून द्यायचा. केरबाभाऊंच्या गिटारीची बारीक तार कधी तुटली नाही, गंजली तेवढी. "मला वाटायचं, तार चांगली लागली."

"साहेबानं तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं असंल. इंग्रजीत काय काय बोलायचा, बोटाकडं दाखवून हसायचा. मी बी हसायचो."

त्यानंतर तीन महिने रोज संध्याकाळी कॅसेट. व्होल्टेज कमी झालं की टेप रडायला लागे, म्हणून केरबाभाऊ स्वतः सेल घेऊन येत. आमच्याकडं आठ दिवसांनी नळ यायचा. पिंप, बादल्या, पातेली, सगळी तोवर पुरवताना माझी तारांबळ आणि केरबाभाऊ पायरीवर डोळे मिटून. पण नळ आलेल्या दिवशी पाइप धरायला पहिले तेच उठत.

आमचे हे चेष्टा करायचे. "केरबा, ऑफिसात काय सांगू? मेकॅनिकला गिटार चढली?"

"सांगा की साहेब."

"अरे पण साधा धडा आहे म्हणतोस ना तूच? लेकरांचा? मग एवढं काय त्यात?"

"धडाच हाय साहेब. म्हनून तर. ते पळापळीचं मला कधी येनारच न्हवतं, त्याचं दुख न्हाई. हे येत होतं. ह्यात अवघड कायच न्हाई."

आणि मग ते सांगायचे. मला सांगायचे, ह्यांना सांगायचे, ऐकलं नाही तर अंगणातल्या कडुलिंबाला सांगितलं असतं. "वरचा सूर सोडला की ह्यो मानूस त्याच्याकडं परत बघत न्हाई. वाजू देतो. मेला तर मरू दे, असं न्हाई. ठाऊक हाय त्याला, पुढला येईपर्यंत टिकतो. आपन असतो तर घाबरून पुढला लवकर आनला असता. ... आता तीच ओळ दुसऱ्यांदा येईल. बघा, हळू केली. पहिल्यांदा सांगितलं, आता आठवून बघून राहिला." आणि शेवटी शेवटी एका जागी जाड तारेवरून बोट घसरल्याचा बारीक आवाज होता. मला तो दोष वाटला होता. केरबाभाऊ म्हणाले, "मोठ्या तुकड्यांत ह्यानं हा आवाज कुठंच येऊ दिला न्हाई. मी ऐकलंय समदं. हितंच येऊ दिला. लोकांपुढं वाजवत न्हाई हितं. घरात बसलाय."

मी शाळेत पेटी शिकले होते, कॉलेजात गाण्याच्या स्पर्धेला उभी राहिले होते. एवढं बारीक ऐकणं मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांचं बोट मात्र उठेना. सोडलेलं, उलगडलेलं, नख वाढवलेलं, तरी हुकूम केला की आधी करंगळी हलायची, मग मधलं, आणि ते स्वतः सगळ्यांच्या मागून. सूर यायचा तो माळ पुढं गेल्यावर. पस्तीस वर्षं दुमडलेलं, वर दिवसभर पाना आवळायचा. खेड्यात जीपमध्ये बसल्या बसल्या गुडघ्यावर बोट आपटायचे, तेलानं चोळायचे. फेब्रुवारीत एकदा मी बघितलं, करंगळी आणि मधलं बोट सुतळीनं पाठीमागं बांधून ते एकट्या त्या बोटानं बारीक तार छेडत होते. सूर येत होता. सुतळी सोडली की जात होता. "बोट माझंच हाय ताई. पण माझं ऐकायची सवय न्हाई त्याला."

तेवढ्यावरच राहिलं असतं तरी त्यांनी सोसलं असतं असं मला वाटतं. एकट्याचं होतं. पण मार्चच्या शेवटी नांदेडहून पंचशीलाचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं, त्यांचा चष्मा फुटला होता. पंचशीला म्हणजे त्यांची एकुलती लेक. तिला त्यांनीच शिकवलं होतं आणि चार वर्षांपासून ती वस्तीतल्या लेकरांचा गिटारीचा क्लास घेत होती. "अप्पांना जयभीम. यंदा चौदा एप्रिलला जयंतीच्या मंचावर माझी आठ लेकरं मिळून पाचवा धडा वाजवणार आहेत. मंडळानं मोठा कार्यक्रम ठेवला आहे. सगळ्यांचा हात अगदी तुमच्यासारखा बसलाय. तुम्ही रजा टाकून यावं."

मी कौतुकानं वर बघितलं. केरबाभाऊ स्वतःच्या हाताकडं बघत होते.

"आठ लेकरं," ते म्हणाले. "आठांचं बोट दुमडलं आम्ही."

त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. "पंचशीलास आशीर्वाद. लेकरांना बोट उघडायला सांग. मी आल्यावर समजावतो." उलट टपाली उत्तर आलं त्यात तब्येतीची चौकशी होती, गाडीची वेळ होती, बोटाचं अवाक्षर नव्हतं.

नांदेड माझं माहेर. आईकडं जायचंच होतं, म्हणून दहा तारखेला मीही निघाले. टू-इन-वन मांडीवर घेऊन मी खिडकीशी, शेजारी केरबाभाऊ, त्यांच्या मांडीवर गिटार. कंडक्टर म्हणाला, "बँड कंपनी हाय का?" केरबाभाऊ एरवी हसले असते.

पंचशीलाचं घर गिरणीच्या मागच्या वस्तीत. नवरा पाळीवर गेलेला. क्लास विहाराच्या व्हरांड्यात भरायचा. आम्ही पोचलो तेव्हा तालीम चालू होती. सतरंजीवर आठ लेकरं, पाच पोरी, तीन पोरं, चार गिटारी. चौघं वाजवायची तेव्हा बाकी चौघं रिकाम्या पुठ्ठ्यावर रेघा मारून काढलेल्या तारांवर बोटं फिरवायची, मग अदलाबदल. जयंतीला आणखी चार गिटारी मागून आणणार होते. पंचशीला समोर, टाळीनं ठेका देत. पंचविशीची, सडसडीत, आवाज बापासारखा खालचा. माळ फिरत होती, कुठंही अडत नव्हती. आणि आठही उजव्या हातांत ते एक बोट तळहाताशी घट्ट मिटलेलं. पुठ्ठ्यावाल्यांचंसुद्धा.

एका पोरीचं बोट जरासं सुटलं. पंचशीला वाकली आणि तिनं ते हळूच दुमडून दिलं.

केरबाभाऊंनी तोंड फिरवलं.

लेकरं घरी गेल्यावर तिनं भाकरी टाकायला घेतली. मी परातीजवळ बसले. केरबाभाऊंनी टेप जमिनीवर ठेवला, चौथा तुकडा आधीच लावून आणला होता. "पोरी, काय बोलू नको. ऐक."

मी तिच्या हातांकडं बघत होते. पिठावर हात थापत होता. धडा सुरू झाला, हात थापत राहिला. मग गाणं वर आलं आणि हात थांबला. तव्यावरच्या भाकरीला डाग पडेपर्यंत तो तसाच पिठात राहिला. तुकडा संपला तसं तिनं भाकरी उलटली.

"लई गोड हाय, अप्पा."

"आन्?"

"आन् काय? तेच हाय की आपलं. जरा सावकाश वाजिवलं."

"तेच? पंचे, वरचं ऐकलंस का न्हाई तू? वर गातो तो."

"मोठा मानूस हाय तो. त्याचं मोठं. आपलं लेकरांचं."

"हे लेकरांचंच हाय! ह्यात अवघड कायच न्हाई! बोट उघडलं की झालं."

"झालं?" ती वळली. तोंड लालबुंद, चुलीनं की रागानं कोण जाणे. "चार वर्सं मी कानीकपाळी ओरडून राहिले, बोट दुमडा, बोट दुमडा. आता चार दिवसांवर कार्यक्रम. आता म्हनू, उघडा? आन् उघडून करायचं काय, ते कोन दाखवनार? तुम्ही दाखवता?"

केरबाभाऊ टेपमधली कॅसेट काढायला लागले.

"वाजवून दाखवा अप्पा. ही घ्या गिटार. तुमचं बघून मी करते, माझं बघून लेकरं करतील. आजपर्यंत तसंच केलं ना आपन?"

त्यांनी खोळ सोडली. मला उठून जावंसं वाटलं, पण मधून उठता येईना. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, बोट उलगडलं. अंगठा, पहिलं, मधलं, आणि मग सगळे वाट बघत थांबलो. सूर आला. उशिरा, फुटका. दुसरा आलाच नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा पंचशीलाच म्हणाली, "अप्पा, राहू द्या. जेवून घ्या."

पुढचे तीन दिवस मी आईच्या घरून रोज तिकडं जाऊन यायचे. केरबाभाऊ तालमीच्या वेळी विहाराच्या पायरीवर बसून असत. लेकरांना ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना मुलांना, सर म्हणून."

"तिचे लेकरं हायत, ताई. तिच्यासमोर तिला खोटी पाडू? आन् पाडून देऊ काय त्यांना? माझ्याकडं काय हाय?"

तेरा तारखेला सकाळी पंचशीला वस्तीतल्या नळावर एकटी भेटली. नांदेडलाही पाण्याची ओढ होतीच, नंबराला घागरी लागल्या होत्या. मी मदतीला उचललेली बादली तिनं काढून घेतली आणि दुसरीकडं बघत म्हणाली, "ताई, ऐकू आलं मला."

मी रांगेतून जरा बाजूला सरकले.

"पहिल्या खेपेलाच आलं. मी काय बहिरी हाय? त्या दिवसापासून दुसरं कायच ऐकू येत न्हाई. लेकरं वाजिवतात, आन् वरचं नसलेलं ऐकू येतं मला." तिनं उजवा हात पुढं केला, बोटं पसरली आणि ते बोट एकटं उचलायचा प्रयत्न केला. करंगळी उठली. "बघा. मी सहा वर्सांची होते तेव्हापासून दुमडलंय. अप्पांचं न्हाई उठलं, माझं काय उठनार! अन् हे जर मी अप्पांना सांगितलं, की मला ऐकू येतंय, तर ते म्हनतील आजच्या आज उघड. मी कशी उघडू ताई? आईबापांनी ह्या लेकरांचे नवे कपडे शिवले."

"पण एवढं तरी त्यांना सांग, ऐकू आलं म्हणून."

"न्हाई. तुम्ही बी सांगू नका. माझी शपथ हाय."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या वेळी तिच्या तोंडाकडं बघून दुसरं काही निघालं नाही.

चौदा तारखेला मंडपात मुंगीला जागा नव्हती. निळे झेंडे, निळा गुलाल, लाऊडस्पीकर. भाषणं झाली, गाणी झाली आणि मग आठ लेकरं नव्या कपड्यांत ओळीनं बसली. पंचशीलानं एक-दोन-तीन म्हटलं. आठ जणांची माळ एकदम सुरू झाली. एक हात मागं नाही, एक पुढं नाही. एवढ्या मोठ्या गर्दीत तान्ही पोरं रडत होती, माणसं बोलत होती, ती हळूहळू गप्प झाली. आपल्या वस्तीतली पोरं, आणि हे वाद्य! माझ्या पुढं बसलेली म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. ते छानच होतं. छान नव्हतं असं मी कसं म्हणू? मी शेजारी बघितलं. केरबाभाऊंची मान खाली आणि दुमडायची सवय असलेलं बोट त्यांच्या गुडघ्यावर उघडं, दर तिनाच्या पुढं एकदा, उशिरा, आपटत होतं.

टाळ्या थांबेनात. मंडळाचे अध्यक्ष शेषेराव गुरुजी, वस्तीतले निवृत्त मास्तर, माइकवर आले. "ह्या लेकरांच्या गुरू पंचशीलाताई. आणि त्यांचे गुरू, त्यांचे वडील, लातूर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पाणी शोधत फिरणारे आपले केरबा सोनकांबळे! ही जी सोनकांबळे पद्धत आज आपण ऐकली, तिचा मान म्हणून..."

शाल आली, नारळ आला. दोघांनी दंडाला धरून केरबाभाऊंना वर नेलं. शाल अंगावर पडली. गुरुजींनी माइक पुढं केला, "दोन शब्द."

त्यांनी माइक धरला तो पाना धरावा तसा. मग म्हणाले, "लेकरांनो, बोट उघडा."

ओळीतली लेकरं पंचशीलाकडं बघायला लागली.

"मी चुकीचं शिकिवलं. माझ्या पोरीला बी, तुम्हाला बी. हे अर्धंच हाय. ह्याच्या वर गाणं हाय, ते मला येत न्हाई. तुम्ही—"

पुढचं ऐकूच आलं नाही. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "ह्याला म्हणतात मोठेपणा!" आणि टाळ्या उठल्या, आधीपेक्षा जास्त. गुरुजींनी दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले. "बघा, एवढं शिकवून म्हणतात, मला येत नाही! खऱ्या गुरूची खूण!" केरबाभाऊ मान हलवत होते, नाही, नाही, असं. ती मानही विनयाची झाली. पंचशीला पुढं आली, माइक त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला आणि म्हणाली, "अप्पांना उन्हाचा त्रास झालाय." तिचा आवाज नीट होता. खाली उतरवताना तिनं त्यांचा दंड इतका घट्ट धरला होता की शालीला सुरकुत्या पडल्या होत्या. आठ लेकरं ओळीनं त्यांच्या पाया पडली. त्यांनी प्रत्येकाचा उजवा हात हातात घेतला, एका क्षणासाठी, आणि सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. पंचशीला स्टँडवर आली होती. भाकरी-पिठलं बांधून दिलं, बापाच्या पाया पडली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि गाडी सुटायच्या आतच गेली.

दोन्ही बाजूंना नांगरून तशीच पडलेली रानं. लोहा आलं, गेलं.

"पुढल्या सालाला सोळा लेकरं येनार म्हनं," केरबाभाऊ म्हणाले. "काल रांग लागली होती आईबापांची, नावं द्यायला. गुरुजी म्हनले, गिटारी मंडळ आनून देईल."

"पंचशीला काय म्हणाली?"

"ती काय म्हननार. घेते म्हनली." त्यांनी मांडीवरची गिटार नीट धरली. "ताई, तुम्हाला ऐकू येतं ना ते? का माझ्यासाठी म्हनता?"

"येतं, केरबाभाऊ. खरंच येतं."

"मग तिला का न्हाई आलं?"

सांगितलं तर ह्या माणसाला एवढं तरी मिळालं असतं की आपला कान लेकीत उतरला. आणि दुसऱ्याच श्वासाला कळलं असतं की ऐकू येऊनही ती उद्या सोळा बोटं दुमडणार आहे. ह्यातलं कुठलं बरं, मला ठरवता येईना. शपथ होतीच, पण शपथेचं मी फारसं मानते असं नाही. मी तोंड उघडलं. "पंचशीलाला ना, केरबाभाऊ—"

"तिला नावं ठिवू नका, ताई." त्यांनी हात वर केला, पंपाजवळ बायांना गप्प करायला करत तसा. "तिच्या कानाचा दोष न्हाई. तान्ही होती तेव्हापासून मी तिच्या उशाशी तेवढंच वाजिवलं. जे कधी कानावर पडलंच न्हाई, ते तिला कसं कळावं? लगीन होईपर्यंत मी तिला अर्धंच ऐकिवलं. दोष माझा हाय." आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर, चार दिवसांत पहिल्यांदा, जरा हलकं झाल्यासारखं काहीतरी आलं. उत्तर सापडलं होतं त्यांना.

मी तोंड मिटलं. लातूर अजून तीन तास होतं.